दोष कंपायलरवर ढकलण्यापूर्वी या चुका टाळा

सी भाषेत प्रिंटएफसारख्या, कितीही आर्ग्युमेंट्स (फंक्शनला दिलेली मूल्ये) स्वीकारणाऱ्या फंक्शनने भलताच आकडा छापला की नवखा प्रोग्रॅमर कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला, दोष देऊन मोकळा होतो. वास्तविक चूक बहुधा त्याच्याच ओळीत असते. अशा फंक्शनपर्यंत फ्लोट (छोटी अपूर्णांक संख्या) हा डबल (मोठी अपूर्णांक संख्या) होऊन आणि कॅर (एक अक्षर) हा इंट (पूर्णांक) होऊन पोहोचतो, तरीही आर्ग्युमेंट्स एकेक करून वाचणाऱ्या व्हीए_आर्गकडे फ्लोट मागणारे भेटतातच. वाचून झालेली व्हीए_लिस्ट, म्हणजे त्या आर्ग्युमेंट्सची यादी, पुन्हा वापरू नये. सी९९ या सी भाषेच्या मानकात तिची आधीच प्रत काढणारी व्हीए_कॉपी त्यासाठीच आली.

मात्र कंपायलर खरोखरच चुकतो तेव्हा घाई अधिक महागात पडते. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत मासळीच्या शीतगृहासाठी तापमान नोंदवणारे यंत्र आम्ही तयार करत होतो. उणे १८ अंशांऐवजी पडद्यावर निरर्थक आकडे येत होते. खाऱ्या हवेने जोड गंजले असतील म्हणून आधी सेन्सरची तार बदलण्यात आली. मग एका तरुण सहकाऱ्याच्या लक्षात आले की तापमानाआधी एखादा पूर्णांक छापला की आकडा बरोबर येतो. त्याने तिथे एक खोटा शून्य घातला आणि काम संपल्याचे सांगितले. पुढे दोन तापमानांच्या मध्ये दार किती वेळा उघडले तेही छापायचे ठरले, आणि दुसरे तापमान पुन्हा बिघडले.

अखेर दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहून त्याची असेंब्ली, म्हणजे कंपायलरने तयार केलेल्या यंत्र-आज्ञा, वाचली. आमच्या यंत्रातील एआरएम प्रोसेसरच्या नियमानुसार ८ बाइटांचा डबल सम क्रमांकाच्या रजिस्टरपासून (प्रोसेसरमधील ४ बाइटांचा कप्पा; आर०, आर१ अशी त्यांची नावे) सुरू होतो. म्हणून आर०मध्ये पहिले आर्ग्युमेंट ठेवल्यावर बोलावणाऱ्या फंक्शनने आर१ रिकामे सोडून मूल्य आर२ व आर३मध्ये ठेवले होते, आणि त्याच कंपायलरने तयार केलेले व्हीए_आर्ग मात्र आर१पासूनच वाचत होते. खोट्या शून्याने आर१ भरले, एवढीच त्या उपायाची करामत. रजिस्टरांत न मावलेली आर्ग्युमेंट्स स्टॅक या मेमरीच्या भागात जातात, आणि तिथेही डबलचा पत्ता ८च्या पटीत असावा लागतो. तिथे मधल्या पूर्णांकाने तीच गफलत पुन्हा घडवली.

हीच लक्षणे निर्दोष कंपायलरवरही दिसतात, जर टास्कचा (यंत्रात स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाचा) स्टॅक ८ बाइटांच्या सीमेवर सुरू होत नसेल. ते आधी तपासावे. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणे) बंद केल्यावर चूक दिसेनाशी झाली, याला मी दुरुस्ती मानत नाही. छोट्या कंट्रोलरवर (यंत्र चालवणाऱ्या चिपवर) हा धोका टाळण्यासाठी मी तापमान अंशाच्या दशांशांत, पूर्णांक म्हणूनच पाठवतो. कंपायलरच्या निर्मात्यांकडे तक्रार करताना आवृत्ती, दिलेले सगळे पर्याय आणि प्रीप्रोसेस केलेली (सगळ्या हेडर फाइल्स आत घेतलेली) फाइल जोडावी. पडद्याचे छायाचित्र पाठवून कोणाचेही समाधान होत नाही.