जुना सीडी प्लेयर दुरुस्त करताना या चुका टाळा

प्लेयर ‘नो डिस्क’ दाखवायला लागला की बरेच जण ‘लेन्स गेली’ म्हणून मोकळे होतात. थोडं थांबा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि उन्हाळाभर कूलरची दमट हवा त्याच खोलीत फिरते. अशात लेझर संपायच्या कितीतरी आधी लेन्सवर धूळ चिकटते, लेन्स ज्यांवर सरकते त्या रुळांवरचं ग्रीस वाळतं आणि ट्रेचा बेल्ट सैल पडतो. ही तिन्ही कामं घरी होतात.

स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी यंत्राचा आवाज ऐका. मोटर घुर्र करते पण ट्रे हलत नाही, तर बेल्ट बघा. पहिली गाणी नीट वाजतात आणि शेवटची अडखळतात? सीडी आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते, त्यामुळे पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्स बसवलेला भाग, रुळावर पुढे सरकताना अडकत असण्याची शक्यता मोठी. डिस्क जेमतेम हलून थांबते, तर लेन्स पुसून बघा. तपासणी मात्र विकतच्या मूळ ऑडिओ सीडीवरच करा. घरी कॉपी केलेली डिस्क कमी प्रकाश परत पाठवते, आणि एमपी-3 भरलेली डिस्क जुन्या प्लेयरला कळतच नाही.

लेन्स पुसायला लोक काय काय वापरतात! शर्टाचं टोक, थुंकी, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर. कित्येक लेन्स प्लास्टिकच्या असतात, थिनर लागला की कायमच्या दुधाळ होतात. शिवाय ही मसुराएवढी लेन्स बारीक तारांवर तरंगत असते. दाबली की तारा वाकल्या. आधी प्लग काढा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, काडी ओली हवी पण ठिबकायला नको, आणि वजन न देता लेन्सवर हलकेच फिरवा. दुसऱ्या कोरड्या काडीने टिपून घ्या. नुसता ब्लोअर मारून कूलरच्या ओलीने चिकटलेली धूळ निघत नाही.

झाकण उघडताच लेझर बंद करणाऱ्या स्विचला टेप लावून ‘लेझर पेटतोय का’ बघायला वाकू नका. हा 780 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश आहे, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही आणि म्हणूनच धोक्याचा.

आता सगळ्यात नडणारी चूक. पिकअपच्या कडेला एक इवलासा प्रीसेट, म्हणजे लेझरचा करंट ठरवणारा स्क्रू, असतो. कुणीतरी सांगतं, ‘भाऊ, तो थोडा फिरव, चालेल.’ चालतोही! कारण लेझरला जास्त करंट मिळतो. पण त्याच करंटने म्हातारा लेझर लवकर मरतो, आणि कारखान्यातली मूळ सेटिंग परत सापडत नाही. धूळ पुसून काम होणार होतं तिथे नवं पिकअप घ्यायची पाळी येते. त्या स्क्रूला हात लावायचा नाही, इतकंच.

रुळांवर खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडू नका. तेल पसरतं, धूळ ओढतं, कधी लेन्सपर्यंतही पोचतं. आधी जुनं घट्ट झालेलं ग्रीस पूर्ण पुसा, मग प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस नावापुरतं लावा. बेल्टच्या जागी पुडीचा रबर बँड लावायचा मोह टाळा. जुना बेल्ट खिशात घालून सीताबर्डीच्या बाजारात न्या, पण तो ताणलेला असतो हे लक्षात ठेवून नवा किंचित लहान घ्या. पुलीवर चिकट काळा लगदा राहिला असेल, तर तो अल्कोहोलने काढल्याशिवाय नवा बेल्टही घसरेल.

डिस्क गोल गोल पुसू नका. मधून कडेकडे सरळ पुसा. वाचण्याच्या बाजूचे मधून कडेकडे जाणारे ओरखडे प्लेयर बऱ्यापैकी सांभाळून घेतो, ट्रॅकच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा त्याला झेपत नाही. छापील बाजूही जपा, कारण चकाकणारा थर तिथेच, पातळ लाखेखाली असतो.

एवढं करूनही डिस्क वाचली गेली नाही, तरच नवं पिकअप. नंबर पूर्ण जुळवा: एसएफ-पी101एन हे नेहमी लागणारं पिकअप 15 आणि 16 पिन अशा दोन प्रकारांत येतं, चुकीचं आणलं तर पट्टी केबल बसतच नाही. नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावासाठी बहुधा कथलाचा एक ठिपका दिलेला असतो. केबल लावून झाल्यावर तो डाख काढावा लागतो. तो तसाच राहिला तर लेझर पेटत नाही, आणि दुकानदाराशी उगाच भांडण होतं.