पुढचं कन्सोल येईपर्यंत टिकेल असं ग्राफिक्स कार्ड कसं निवडायचं

ऐरोलीचा माझा मावसभाऊ महिनाभर मागे लागलाय, दादा पुढचं प्लेस्टेशन येईपर्यंत थांबू की आत्ताच कार्ड घेऊन पीसीवर खेळायला लागू, त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगून झालं, म्हटलं एकदा नीट लिहूनच काढतो.

पहिली गोष्ट, कन्सोलमधलं, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या गेम खेळायच्या तयार मशीनमधलं, ग्राफिक्स वेगळं मिळत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये असतात आणि मेमरी दोघांत मिळून, त्यामुळे नंतर बदलायचा विषयच नाही. निवड करायला वाव आहे तो पीसीच्या कार्डात. पण गेम बनवणारे आधी कन्सोल डोळ्यासमोर ठेवतात, म्हणून माप कन्सोलचंच लावायचं.

आता टेराफ्लॉप, म्हणजे चिप सेकंदाला किती लाख कोटी गणितं करते त्याचं माप. दुकानदार हाच आकडा पुढे करतो आणि घोळ इथेच होतो. पीएस५ मध्ये ३६ कम्प्युट युनिट (चिपमधले गणितं करणारे भाग), २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत स्पीड, त्याचे होतात १०.२८ टेराफ्लॉप. एएमडी कंपनीच्या आरएक्स ७६०० कार्डात ३२ च युनिट, तरी कागदावर सुमारे २१.५! म्हणजे गेम दुप्पट पळतो का, तर अजिबात नाही, नव्या डिझाइनमध्ये एका वेळी दोन गणितं होऊ शकतात म्हणून आकडा डबल दिसतो, गेममध्ये त्याचा फायदा थोडाच मिळतो. त्यामुळे टेराफ्लॉप बघून कार्ड घ्यायचं नाही.

बघायची ती कार्डावरची मेमरी. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स कन्सोलमध्ये १६ जीबी आहे आणि त्यातले १३.५ जीबी गेमला मिळतात, त्यात ग्राफिक्सशिवाय बाकीचंही बसतं हे खरं, पण ८ जीबीच्या कार्डाला तेवढं टेक्श्चर, म्हणजे भिंती-जमिनीवर चढवलेली चित्रं, झेपत नाही. मी दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका दुकानातून ८ जीबीचं घेतलं, "भरपूर झालं" असं सांगितलेलं, आता नवीन गेम हाय टेक्श्चरवर लावला की भिंती आधी धूसर दिसतात, मग हळूहळू उघडतात आणि वळताना झटके बसतात. चिपमध्ये दम आहे, जागाच नाही. फार वाईट वाटतं, कारण तेव्हा थोडे पैसे वाढवले असते तर आज बदलायची वेळ आली नसती. म्हणून माझं स्पष्ट मत, आज १२ जीबीच्या खाली जाऊ नका, जमलं तर १६.

दुसरं, अपस्केलिंग, म्हणजे गेम कमी रिझोल्युशनला चालवून चित्र नंतर मोठं करणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचे मार्क सर्नी आणि एएमडीचे जॅक ह्यून यांनी पुढच्या पिढीच्या ग्राफिक्सबद्दल सांगितलं, त्यात जोर होता तो एआयने चित्र मोठं करण्यावर, रे ट्रेसिंगच्या (खऱ्यासारखा प्रकाश आणि सावल्या दाखवायच्या) वेगळ्या हार्डवेअरवर आणि मेमरीतला डेटा दाबून बसवण्यावर. सर्नींनी पुढच्या कन्सोलला अजून काही वर्षं आहेत असंच म्हटलं, म्हणजे नुसतं थांबून राहण्यात अर्थ नाही. पण दिशा कळली. एएमडीचं एफएसआर ४ हे अपस्केलिंग आलं तेव्हा अधिकृतपणे फक्त त्यांच्या आरएक्स ९००० सिरीजच्या कार्डांना आलं, एनव्हिडियाचं अपस्केलिंग डीएलएसएस त्यांच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं.

मग घ्यायचं काय? माझी पहिली पसंती आरएक्स ९०६० एक्सटी, पण १६ जीबीवालं, याच नावाने ८ जीबीचंही मिळतं म्हणून बॉक्सवर नीट वाचा. बजेट कमी असेल तर इंटेलचं आर्क बी५८०, १२ जीबी, फक्त जुन्या मदरबोर्डवर नको, रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी मदरबोर्डची सोय) चालू झाला नाही तर स्पीड चांगलाच पडतो. सेकंड हँडमध्ये एएमडीचं आरएक्स ६७०० एक्सटी, १२ जीबी, पीएस५ च्याच पिढीची चिप आणि कम्प्युट युनिट ४०. आणि घरी १०८० पीचा (फुल एचडी) मॉनिटर असेल तर या तिन्हींच्या वरचं कार्ड घेऊन पैसे घालवू नका, त्याऐवजी चांगला एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) घ्या.

खरेदीला जाताना आधी ठाण्यात किंवा वाशीत भाव विचारा, ऑनलाइनचा बघा, फरक मोठा असेल तरच मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार लॅमिंग्टन रोड, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. भाव त्याच दिवशीचा विचारा, २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरमुळे मेमरी महाग झाली तेव्हापासून जुन्या कोटेशनवर भरवसा राहिला नाही. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. सेकंड हँड असेल तर पैसे द्यायच्या आधी त्यांच्याच मशीनवर पंधरा मिनिटं फुल लोड द्या, तापमान बघा, फॅनचा आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके येतात का ते बघा, आणि विकणारा टाळाटाळ करायला लागला तर सरळ परत या.