दक्षिण चिनी समुद्रातील चकमकीची बातमी कशी वाचावी

चीन आणि अमेरिका यांच्यातील स्पर्धा कोणत्या टप्प्यावर आहे हे समजून घ्यायचे असेल, तर शिखर परिषदांमधील भाषणांपेक्षा सेकंड थॉमस शोल या प्रवाळखडकाजवळच्या घडामोडी अधिक सांगून जातात; मात्र त्या वाचताना नकाशा समोर असावा.

सर्वप्रथम नाव पाहावे. याच खडकाला चीन रेनाई, तर फिलिपिन्स आयुंगिन म्हणतो, त्यामुळे बातमीचा मूळ स्रोत कोणत्या बाजूचा असावा याचा अंदाज येतो. मग अंतर मोजावे. १९८२ च्या सागरी कायदा कराराप्रमाणे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत मासे, तेल व वायूवर त्या देशाचा हक्क असतो आणि हा खडक फिलिपिन्सच्या पलावन बेटापासून सुमारे २०० किलोमीटरवर, म्हणजे त्या मर्यादेच्या बराच आत आहे. नकाशावर तुटक रेषा ओढून चीन सांगत असलेल्या ऐतिहासिक हक्कांना कायद्याचा आधार नाही, असा निकाल २०१६ मध्ये लवादाने दिला. चीनने तो मानला नाही. अमेरिका या निकालाचा दाखला देते, पण तिने स्वतः तो करार अद्याप मंजूर केलेला नाही, हेही विसरू नये.

सर्वांत जास्त वेळ क्रियापदांना द्यावा. फिलिपिन्सने १९९९ मध्ये ‘सिएरा माद्रे’ हे जुने युद्धनौकेचे धूड या खडकावर मुद्दाम रुतवले आणि त्या गंजलेल्या जहाजावर आजही मूठभर नौसैनिक राहतात. त्यांना रसद नेणाऱ्या बोटींना चीनचे तटरक्षक दल अडवते, धडक देते, पाण्याचा मारा करते. गोळी मात्र झाडत नाही. कारण १९५१ च्या संरक्षण करारानुसार फिलिपिन्सच्या सैन्यावर किंवा सरकारी जहाजांवर सशस्त्र हल्ला झाल्यास अमेरिका बांधील ठरते. म्हणून ‘अडवले’, ‘धडक दिली’ आणि ‘गोळीबार केला’ या शब्दांना एकाच मापाने मोजणे ही घोडचूक ठरेल. १७ जून २०२४ रोजी चिनी जवान चाकू-कुऱ्हाडी घेऊन बोटींवर चालून आले आणि एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला, तेव्हा ही मर्यादा किती जवळ आली होती ते दिसले.

पुढच्याच महिन्यात दोन्ही देशांत रसदीबाबत तात्पुरता समझोता झाला. आपल्याला पूर्वसूचना मिळणार असे चीनने सांगितले आणि फिलिपिन्सने ते नाकारले. त्यामुळे पुढील प्रत्येक फेरीच्या बातमीत बोट पोहोचली का, आणि वाटेत तिला कोणी अडवले का, हे दोन तपशील आधी शोधावेत.