‘लाइद’ हा इंग्रजी शब्द कसा समजून घ्यावा आणि कुठे वापरावा

एल, आय, टी, एच, ई या पाच अक्षरांच्या, ‘शिडशिडीत आणि लवचीक’ अशा अर्थाच्या या शब्दाची पहिली अडचण उच्चारातच येते. शेवटचा ‘ई’ मुका आहे आणि ‘टीएच’चा उच्चार ‘थिन’मधल्यासारखा नसून ‘दॅट’मधल्यासारखा आहे, म्हणून ‘लाइद’. ‘लिथियम’ किंवा ‘लिथोग्राफी’ या शब्दांशी त्याचे नाते जोडू नये, कारण ते दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेले आहेत, आणि दगडाइतकी न लवणारी वस्तू शोधूनही सापडणार नाही.

अर्थ पक्का करायचा असेल तर आधी व्युत्पत्ती पाहावी. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘मऊ, सौम्य, शांत’ असा होता आणि तो हवामानालाही लागू पडत असे. इ.स. 725 च्या सुमारास बीड या इंग्लंडमधील मठवासी विद्वानाने काळगणनेवर लिहिताना नोंदवले आहे, की जून आणि जुलै या महिन्यांना त्याचे पूर्वज ‘लिथा’ म्हणत, कारण त्या दिवसांत वारे मंद असतात आणि समुद्रात नावा घालता येतात. जर्मन भाषेत याचा भाऊबंद ‘लिंड’ हा आहे. जर्मनमधला हा अनुनासिक ‘न’ इंग्रजीत गळून गेला, आणि असे एकाच शब्दात घडलेले नाही: जर्मन ‘मुंड’ म्हणजे तोंड, इंग्रजीत ‘माउथ’, जर्मन ‘गान्स’ म्हणजे हंसाच्या कुळातला पक्षी, इंग्रजीत ‘गूस’. लॅटिनमधला ‘लेंटुस’ हाही याच कुळातला मानला जातो. त्याचे ‘लवणारा’ आणि ‘संथ’ असे दोन्ही अर्थ होते, आणि पाश्चात्त्य संगीतातली ‘लेंतो’ ही संथ लयीची सूचना त्यातूनच आली. चपळ देहाचे वर्णन करणारा शब्द आणि संथ लय एकाच घराण्यातले निघावेत, ही मोठी गंमत आहे.

वापरताना मात्र आजचाच अर्थ धरावा. मराठीत आपण रबराला, नियमाला आणि वेळापत्रकालाही ‘लवचीक’ म्हणतो. ‘लाइद’ हा शब्द मुख्यतः जिवंत देहासाठी राखलेला आहे आणि त्यात सडपातळपणा व हालचालींतला डौल गृहीत असतो. नर्तिका, जिम्नॅस्ट किंवा मांजर यांना तो शोभतो. त्याचे भाषांतर करताना नुसते ‘लवचीक’ लिहिण्यापेक्षा ‘शिडशिडीत आणि लवचीक’ अशी जोडी वापरणे मला अधिक योग्य वाटते. धिप्पाड कुस्तीगिराचे अंग कितीही वळत असले, तरी त्याच्यासाठी ‘सपल’ (सहज वळणारा, लवचीक) हा शब्द बरा. तो त्वचेला आणि कमावलेल्या चामड्यालाही चालतो. व्यायामापूर्वी अंग मोकळे करण्याला ‘लिंबर अप’ म्हणतात. ‘लाइद’पासून असे क्रियापद आजच्या इंग्रजीत रूढ नाही; त्यापासून निघाले ते ‘लाइदसम’ हे त्याच अर्थाचे विशेषण, आणि बोलताना आखडून झालेले त्याचेच रूप म्हणजे ‘लिसम’, जे आज कथा-कवितांतच अधिक आढळते.