टूना किनाऱ्यावरच सुटतो: जिग-पॉपरच्या ट्रिपवर या चुका टाळा

लाइन तुटून मासा गेला की पहिला शब्द तोंडातून येतो तो 'नशीब'. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. मग जिग आणि पॉपर, म्हणजे पाण्यात बुडणारं धातूचं आणि पाण्यावर तरंगणारं नकली आमिष, घेऊन केलेल्या एका ट्रिपवर लागोपाठ तीन टूना गेले. तिसऱ्या वेळी तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, माझ्या हातातली लाइन घेतली आणि तिचं टोक उजेडाकडे धरलं. टोक स्प्रिंगसारखं कुरळं झालं होतं. "गाठ सरकली," एवढंच तो म्हणाला. तिन्ही गाठी मी आदल्या रात्री घाईघाईत बांधल्या होत्या. म्हणजे मासे समुद्रात गेलेच नव्हते, किनाऱ्यावरच गेले होते. तेव्हापासून तुटलेलं टोक मी कधी फेकत नाही, आधी बघतो.

तुटलेलं टोक बघायला शिका

कुरळं टोक म्हणजे गाठ सरकली. पीई लाइन, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली मुख्य लाइन, गुळगुळीत असते, आणि तिच्या पुढे जोडलेल्या लीडरच्या जाड नायलॉनवर तिची पकड फक्त दाबानेच बसते. या दोन्ही जोडणाऱ्या एफजी गाठीत पीईचे वेढे लीडरवर एक उजवीकडून, एक डावीकडून असे आलटून पालटून बसतात. वीसेक वेढे तरी हवेत, आणि ते ढिले राहिले तर दोनशे वेढेही उपयोगाचे नाहीत. गाठ ओली करा, हातमोजे घालून दोन्ही बाजूंनी जीव लावून ओढा. वेढे लीडरमध्ये रुतले की पीईचा रंग थोडा गडद दिसतो. तो दिसेपर्यंत गाठ झाली असं समजू नका. हलत्या बोटीवर ही गाठ नीट बसवणं सरावलेल्या हातांनाही जड जातं, म्हणून दोन-तीन लीडर घरीच जोडून ठेवा.

टोक खरखरीत, पिंजलेलं असेल तर लीडर कुठेतरी घासला आहे: माशाच्या शेपटीवर, बोटीच्या बुडाला किंवा रॉडवर लाइन ज्यातून जाते त्या कड्यात, म्हणजे चिरलेल्या गाइडमध्ये. गाइडच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की चीर लगेच कळते. टोक सुरीने कापल्यासारखं साफ असेल तर दोष बहुधा टूनाचा नाही. टूनाचे दात बारीक असतात. असा काप सुरमईसारख्या दातेरी माशाचा किंवा शेजाऱ्याच्या ताणलेल्या लाइनचा असतो.

लाइन रीलजवळच तुटली असेल तर कारण वेगळं, आणि ते फारच कमी लोकांच्या लक्षात येतं. स्पूलवर, म्हणजे रीलच्या लाइन गुंडाळायच्या भागावर, लाइन सैल भरलेली असली की मोठ्या ओढीत वरचा वेढा खालच्या थरांत रुततो. मासा पुन्हा धावला की रुतलेली लाइन सुटत नाही आणि एका क्षणात तुटते. माझा आजवरचा सगळ्यात मोठा मासा असाच गेला, तोही ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला लाइन सोडणारा रीलचा ब्रेक, अगदी बरोबर असताना. लाइन भरताना ती ओल्या जाड फडक्यातून ओढून, बोटाने दाबलं तरी दबणार नाही इतकी घट्ट भरा. स्पूलच्या तळाशी नायलॉनचे काही वेढे द्या, नाहीतर पीईचा अख्खा गठ्ठा स्पूलवर गोल फिरतो आणि ड्रॅग बिघडलाय असं वाटत राहतं.

आणि लाइन शाबूत, पण गळ सरळ झालेला किंवा रिंग उघडलेली? मग तुम्ही पॉपरसोबत आलेलेच गळ वापरलेत. ते बदला.

ड्रॅग हाताने जोखू नका

"बऱ्यापैकी घट्ट आहे" हे माप नव्हे. साधा ताणकाटा घ्या. लाइनच्या ताकदीच्या 25 ते 30 टक्के हा सुरुवातीचा ड्रॅग. 80 पौंडी लाइन म्हणजे साधारण 36 किलो, म्हणून ड्रॅग 9 ते 11 किलोंच्या दरम्यान. हे माप रॉड वाकवून, गाइडमधून लाइन ओढून घ्या. गाइडमधलं घर्षण धरून मासा प्रत्यक्षात तेवढं ओढतो.

खरी चूक मात्र मासा धावत असताना होते. लाइन संपत चालली की घाबरून ड्रॅगचा नॉब फिरवला जातो. पण स्पूल रिकामं होतं तसा ड्रॅग आपोआपच वाढत असतो. ब्रेकची पकड तीच राहते, पण लाइन सुटते त्या वेढ्याचा व्यास कमी होतो. व्यास निम्मा झाला की तोच ड्रॅग माशाला दुप्पट ओढावा लागतो. त्यात पाण्यात पसरलेल्या शेकडो मीटर लाइनचं घर्षण मिळवा. अशा वेळी घट्ट करणं म्हणजे लाइन आपल्या हाताने तोडणं. नॉब घट्ट करू नका. तांडेलाला हाक मारा, बोट माशाच्या दिशेने न्यायला सांगा, आणि जमलंच तर ड्रॅग किंचित सैल करा.

बोट पोचते आणि मासे बुडतात

दूरवर पक्षी सूर मारतायत, पाणी उकळतंय, सगळे ओरडतायत, इंजिन पूर्ण जोरात. बोट घोळक्यावर पोचते आणि समुद्र एकदम शांत. हे दिवसात पाच वेळा झालं तर दोष माशांचा नाही.

घोळक्याच्या अंगावर बोट घालायची नसते. तो कोणत्या दिशेने सरकतोय ते आधी दोन मिनिटं बघा. पक्ष्यांची डोकी आणि वळणं ते सांगतात. मग लांबून वळसा घालून त्याच्या पुढे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला या. वेग हळूहळू कमी करा आणि वाऱ्याबरोबर वाहत मासे टप्प्यात येऊ द्या. वारा पाठीशी असल्यामुळे पॉपरही दहा-पंधरा मीटर जास्त लांब जातो. तो घोळक्याच्या मधोमध टाकू नका. पुढे टाका, म्हणजे मासे त्याच्यावर येतील.

पक्षी उंचावर नुसते घिरट्या घालत असतील तर मासे खोल आहेत. पॉपर खाली ठेवा, जिग घ्या. पक्षी पाण्यावर बसून राहिले असतील तर जेवण बहुधा उरकलंय, तरी एकदा जिग सोडून बघायला हरकत नाही. काही समुद्रांत पिवळ्या पराचा टूना डॉल्फिनच्या सोबतीने फिरतो. तिथे डॉल्फिनच्या अंगावर पॉपर कधीही टाकू नका. कळप पुढे जाऊ द्या.

पॉपर: घाई नडते

पॉपरचं तोंड वाटीसारखं खोलगट असतं. रॉडच्या झटक्याने ते पाणी पुढे फेकतं आणि मागे हवेच्या बुडबुड्यांची रेघ सोडतं. हा आवाज माशाला बोलावतो, पण मासा घास घेतो तो बहुतेक वेळा झटक्यानंतरच्या थांब्यात. नवखे लोक घोळका दिसला की पॉपर एकसारखा ओढत सुटतात. झटका द्या, सैल झालेली लाइन गुंडाळा, एक-दोन सेकंद थांबा, मग पुन्हा. थांब्यातही लाइन ढिली ठेवू नका.

पॉपर लाटेच्या माथ्यावरून उडत असेल तर रॉडचं टोक खाली घ्या, किंवा लाट पाठमोरी होईपर्यंत थांबा. समुद्र फारच खवळला तर पॉपरचा हट्ट सोडून पृष्ठभागाच्या जरा खाली पोहणारा स्टिकबेट, म्हणजे लांबट नकली मासा, लावा. मासे मागे येतात, वळतात आणि घेत नाहीत, असं झालं तरी हाच उपाय. अशा वेळी ते अनेकदा अगदी बारीक मासे खात असतात, म्हणून आकारही कमी करून बघा.

पाणी फुटलं की लगेच रॉड ओढणं ही सगळ्यांची चूक. त्या क्षणी पॉपर माशाच्या तोंडात असेलच असं नाही. हाताला वजन लागेपर्यंत गुंडाळत राहा, मगच ठामपणे मागे ओढा. मासा चुकला असेल तर पॉपर बाहेर काढू नका. तोच किंवा त्याच्या शेजारचा मासा पुन्हा येतो.

एक गोष्ट मी प्रत्येक ट्रिपवर पुन्हा पुन्हा सांगतो: फेकण्याआधी मागे वळून बघा आणि मोठ्याने सांगा. शंभर-दीडशे ग्रॅमचा पॉपर आणि त्याचे गळ माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवरून जातात. एका वेळी बोटीच्या पुढच्या टोकावर एक, फार तर दोन जणांनीच फेकावं. प्रत्येकाच्या डोळ्यांवर गॉगल हवा, गळाची दांडी तुटेल असा दणकट कटर हाताशी हवा. तीन टोकांच्या गळाऐवजी जाड एकेरी गळ, तोही उलटा काटा दाबलेला, वापरला तर हात वाचतात आणि मासा सोडणंही सोपं जातं.

जिग: खोली मोजताना होणारी फसगत

फिश फाइंडरवर मासे 70 मीटरवर दिसतात. तुम्ही लाइनचे सात रंग मोजता, कारण बहुरंगी पीईचा रंग दर 10 मीटरला बदलतो. काहीच लागत नाही. आता लाइनचा कोन बघा. बोट वाऱ्याने वाहत असेल आणि लाइन 45 अंशांत तिरकी गेली असेल, तर 70 मीटर लाइन सोडूनही जिग जेमतेम 50 मीटरवर असते. जड जिग लावा, वाहण्याच्या दिशेने थोडी पुढे फेकून मग बुडू द्या, किंवा तांडेलाला समुद्रात पॅराशूट नांगर सोडायला सांगा. माशांच्या पातळीच्या खाली दहा-पंधरा मीटर जिग जाऊ द्या आणि त्यांच्यातून वर आणा.

जिग खाली जाताना नुसते उभे राहू नका. लाइन मध्येच थांबली किंवा एकदम जोरात सुटली, तर मासा पडत्या जिगवर आलाय. लगेच रीलची बेल, म्हणजे लाइन अडवणारी तार, बंद करा.

जोडणीतली चूक छोटी असते, पण नुकसान मोठं करते. लीडर नेहमी अखंड रिंगला बांधायचा. त्याच रिंगला असिस्ट गळ, म्हणजे दोरीच्या तुकड्यावर लटकणारा गळ, आणि जिग मात्र स्प्लिट रिंगने, म्हणजे किल्ल्यांच्या कड्यासारख्या फटीच्या रिंगने, तिला लटकवायची. म्हणजे माशाचा ताण थेट गळापासून लीडरवर येतो. लीडर स्प्लिट रिंगला बांधला तर तो तिच्या फटीत शिरून कापला जातो.

शेवटची दहा मिनिटं

टूना दमला की बोटीखाली गोल गोल फिरतो. इथे लोक रॉड उभा करतात, कारण मासा सरळ खाली असतो. रॉड आडव्यापासून 60 अंशांच्या पलीकडे गेला की सगळा भार टोकाकडच्या बारीक भागावर येतो आणि तो काडीसारखा मोडतो. रॉड खालीच ठेवा, छोटे छोटे उपसे घ्या. मासा वर्तुळात तुमच्याकडे येतो तेव्हा लाइन मिळवा, लांब जातो तेव्हा नुसतं धरून राहा. लीडर हाताला कधीच गुंडाळू नका.

झुंज लांबवण्यात काही पराक्रम नाही. शार्क लागतात, आणि मासा सोडायचा असेल तर तो वाचत नाही. टूनाला कल्ल्यांवरून पाणी जात राहण्यासाठी सतत पोहावं लागतं. डेकवर झोपवून फोटो काढत बसलात तर तो तिथेच संपतो. सोडायचा मासा शक्यतो पाण्यातच सोडा. वर घेतलाच तर ओल्या हातांनी धरून, डोकं खाली करून भाल्यासारखा पाण्यात सोडा, म्हणजे पडतानाच कल्ल्यांतून पाणी जाईल.

ठेवणार असाल तर ते आधीच ठरवा आणि त्याची आब राखा. टूनाचं अंग आसपासच्या पाण्यापेक्षा गरम असतं, झुंजीत आणखी तापतं. तसाच ठेवला तर मांस फिकट, आंबूस होतं. मेंदूत टोचून लगेच मारा, बाजूच्या परामागे काप देऊन रक्त जाऊ द्या, आतडी आणि कल्ले काढा, आणि बर्फ व समुद्राचं पाणी मिसळलेल्या खोक्यात पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा हे गार पाणी चहूबाजूंनी लागतं, म्हणून फार लवकर थंड करतं. उन्हात राहिलेल्या टूनात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून किंवा गोठवून जात नाही. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, उलट्या हे त्याचेच परिणाम. बर्फ पुरत नसेल तर पुढचा मासा धरू नका.

परतल्यावर रील हलक्या धारेच्या गोड्या पाण्याने धुवा आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून पुढच्या वेळी तो झटके देत सुटतो. पुढची पाच मीटर पीई कापून टाका, आणि नवी गाठ त्याच संध्याकाळी, दमलेले नसाल तर, उजेडात बसून बांधा.