घायपाताच्या वाखाची पिशवी: पानं कधी काढायची तेच खरं काम

बांधावर, रेल्वे लाईनच्या कडेला काटेरी पात्यांचं जे झाड दिसतं ना, तेच घायपात. कोणी केकताड म्हणतं, कोणी केतकी. मूळ मेक्सिकोचं, पण आता आपल्या खान्देशातल्या मुरमाड बांधांवर न पाणी न खत असं आपोआप वाढतं. त्याच्या पानातल्या धाग्याला वाख म्हणतात, जुन्या लोकांचे मोटेचे नाडे, बैलांचे कासरे, शिंकी असं कितीतरी या वाखाचं असायचं. मी पिशव्या करायला शिकले ती तोरणमाळच्या पायथ्याच्या एका पाड्यावरच्या मावशीकडे, आणि गेली कित्येक वर्षं दर हिवाळ्यात-उन्हाळ्यात करतेय, त्यामुळे जे सांगतेय ते हाताने केलेलं आहे.

पानं खालची, बाहेरच्या बाजूची, पूर्ण वाढलेली कापा. मधला उभा कोंब अजिबात तोडू नका, तो गेला की झाड गेलं. टोकाचा काटा सगळ्यात आधी छाटायचा, डोळ्याला लागला तर फार वाईट. रस अंगाला लागला की भयंकर खाज सुटते, त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून हाताला खोबरेल तेल चोळा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. अंदाजासाठी सांगते, शंभर किलो पानांतून चारेक किलो वाख निघतो, म्हणजे भाजीच्या एका पिशवीला पाच-सहा किलो पानं धरा.

आता पानं कुजवायची. इथेच निम्मे लोक हरतात, मीही पहिल्या दोन वर्षांत किती माल वाया घालवला त्याचा हिशोब नाही. जो तो सांगतो की पंधरा दिवस पाण्यात ठेवा. अहो, कुठले पंधरा दिवस? पानाचा गर कुजवतात ते पाण्यातले जिवाणू, आणि ते पाणी किती कोमट आहे त्यावर काम करतात. डिसेंबरात आमच्याकडे सकाळी हात गारठतो, तेव्हा पंधरा काय वीस दिवसही लागतात, आणि एप्रिलमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की आठ-नऊ दिवसांत काम होतं. मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये पंधरा दिवस मोजून ठेवली होती, काढली तर वाख हातात ओल्या कागदासारखा तुटत होता. गर संपल्यावर जिवाणू धाग्यालाच लागतात हे तेव्हा कळलं. आणि पुढच्या वर्षी घाबरून लवकर काढली तर गर सुटेचना, खरवडून खरवडून धागेच फाटले.

मग मावशीने दाखवलं. पानाचं बूड जाड असतं, टोक पातळ, दोन्ही एकाच दिवशी कसे तयार होतील? म्हणून ती आधी बुडं मोगरीने ठेचायची, मग पानं दोन दिवस उभी ठेवायची, फक्त बुडं पाण्यात, आणि तिसऱ्या दिवशी सगळी आडवी बुडवून वर दगड ठेवायची. एकही पान पाण्याबाहेर राहू द्यायचं नाही, जेवढा भाग उघडा तेवढा हिरवाच चिकटून बसतो. भांडं प्लास्टिकचं किंवा सिमेंटचा हौद घ्या, लोखंडी टिपाड नकोच, त्यात वाख काळा पडतो आणि तो डाग नंतर कशानेच जात नाही. नाल्यात, नदीत तर अजिबात भिजवू नका, त्या पाण्याने मासे मरतात आणि गुरं तिथेच प्यायला येतात. उरलेलं पाणी विहिरीपासून लांब खड्ड्यात ओता.

सहाव्या दिवसापासून रोज एक पान काढून बघायचं, आणि वरचं नाही, मधलं. बुडाजवळ अंगठ्याचं नख रोवून टोकाकडे ओढा. गर लोण्यासारखा सरकला आणि खाली पांढरट धागे दिसले तर त्याच दिवशी सगळी पानं काढा, उद्यावर टाकू नका. गर सरकला पण बुडाशी हिरवी साल चिकटलेली असेल तर अजून एक दिवस थांबा. आणि चार धागे बोटाला गुंडाळून झटका द्या, बोट कापेल असं वाटलं पाहिजे. सहज तुटले तर उशीर झालाय. मी घाई करायला लागले की मावशी म्हणायची, "घाई कसाले करस, पान सांगस ना." वास येतो, खूप येतो, पण वासावरून काही ठरवू नका, वास तिसऱ्या दिवसापासूनच सुरू होतो.

काढलेलं पान फळीवर ठेवून सुरीच्या बोथट पाठीने बुडाकडून टोकाकडे खरवडा, स्वच्छ पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. झालं.

पीळ मांडीवर तळहाताने द्यायचा, दोन पदरी. धागा संपत आला की नवीन धागे त्यातच मिसळा, गाठ मारू नका, गाठ पिशवीत टोचते. विणायला दाभण पुरे. तळाला एक कडं करून त्यावर फास टाकत गोल-गोल वर जायचं, फास एकसारखे यावेत म्हणून बांबूची बोटभर रुंद पट्टी मध्ये धरा. दोन-तीन संध्याकाळीत पिशवी होते.

रानातल्या मुरुडशेंगेची साल, पळसाची मुळं यांचेही चांगले दोर होतात, पण ते तोडायला जंगलात शिरू नका. वनहक्क कायद्याने, २००६ च्या, गौण वनोपजाचा, म्हणजे लाकूड सोडून जंगलातल्या बाकी मालाचा, हक्क तिथल्या आदिवासींचा आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांचा आहे, आपला नाही, आणि यावलसारख्या अभयारण्यात तर विषयच नाही. आपल्याला बांधावरचं घायपात भरपूर आहे.

आणि एवढी खटपट करायची नसेल तर विकत घ्या, पण नीट घ्या. २०१८ साली राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून शहरातून लोक येतात, पावरा-भिल्ल आदिवासी बायकांकडून पडेल भावात पिशव्या उचलतात आणि तिकडे चौपट लावतात. मला याचा खरोखर राग येतो, कारण त्या हौदाच्या वासात वाकून खरवडणारे हात मी पाहिलेत, कोपरापर्यंत लाल झालेले. होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगीच्या आठवडे बाजारात हाताची दोरी, शिंकं, पिशवी दिसली तर थेट बाईकडूनच घ्या, घासाघीस करू नका. ऑर्डर देणार असाल तर निम्मे पैसे आधी द्या, तिला तेवढे दिवस मजुरी सोडावी लागते. पावसाळ्यात मागू नका, वाख वाळत नाही आणि त्यांची शेतीची कामं असतात. पट्टा किती लांब हवा ते मात्र आधीच खांद्यावर मापून सांगा, विणून झाल्यावर तो वाढवता येत नाही.