पहिले दहा हप्ते तुमचेच असतात

महिन्याला दहा टक्के देणाऱ्या योजनेने दहा महिने वेळेवर पैसे दिले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. हिशेब मांडून बघा. गोव्यात डिचोलीतल्या दहा जणांनी प्रत्येकी १ लाख भरले, म्हणजे चालकाकडे १० लाख जमले. दहा टक्क्यांनी त्याला महिन्याला १ लाख वाटावे लागतात. कसलाही धंदा न करता, पैसे नुसते कपाटात ठेवून तो दहा महिने सगळ्यांचे हप्ते चुकते करू शकतो. तोवर तिसऱ्या-चौथ्या हप्त्याला वहिनी, शेजारी, बोटीवरून उतरलेला भाचा असे आणखी चार जण आलेले असतात आणि कोसळण्याची तारीख पुढे जाते. १९२० मध्ये बॉस्टनला चार्ल्स पॉन्झीने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून पैसे गोळा केले, तेही असेच नव्यांकडून घेऊन जुन्यांना वाटले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सगळं आटोपलं.

म्हणून ‘अमक्याला मिळतात’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: त्याने मुद्दल काढून बघितलं का? पूर्ण मुद्दल. पाच-दहा हजार मागितले तर ते सहसा मिळतात, कारण तेवढ्याने विश्वास बसतो. मोठी रक्कम मागितली की ‘लॉक-इन आहे’, ‘सिस्टम अपडेट चाललंय’, ‘आता ठेवलेत तर बारा टक्के’ असं सुरू होतं. चवथीच्या तोंडावर खर्चाला पैसे हवेत म्हणून मागितले आणि पुढची तारीख मिळाली, तर आणखी एक रुपयाही भरू नका.

दराची मर्यादा डोक्यात ठेवा. रिझर्व्ह बँकेने ठेवी घेण्याची परवानगी दिलेल्या वित्त कंपन्यांनाही वर्षाला साडेबारा टक्क्यांहून जास्त व्याज देता येत नाही. महिन्याचे दहा टक्के चक्रवाढीने धरले तर १ लाखाचे वर्षात ३ लाख १३ हजार होतात आणि पाच वर्षांत ३ कोटींच्या वर. इतकं कमावून देणारा धंदा ज्याच्या हातात आहे तो बँकेचं कर्ज काढील, फोंड्याच्या हॉलमध्ये समोसा देऊन तुमचे पन्नास हजार कशाला गोळा करील?

आता एजंट दाखवतो ती फाईल. प्लास्टिकच्या पानांत कंपनीनोंदणीचा दाखला, पॅन, जीएसटी आणि एखाद्या मंत्र्याबरोबरचा फोटो असतो. नोंदणीचा दाखला म्हणजे त्या नावाची कंपनी आहे, इतकंच. लोकांकडून ठेवी घ्यायला वेगळी परवानगी लागते, आणि ती नसताना ठेवी घेणं हा २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याखाली गुन्हा आहे. परवानगी आहे का, ते रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर शोधा. शोधताना माहितीपत्रकावरचं नाव घेऊ नका, पावतीवरचं घ्या. पुष्कळदा फलक एका ‘लिमिटेड’चा असतो आणि पावती कुठल्यातरी ‘ट्रेडर्स’ची. पतसंस्थेबाबत जाता जाता: बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही.

स्टँप पेपरवरचा करार आणि पुढच्या तारखेचा चेक यांवर माणसं फार विसंबतात. नोटरीचा शिक्का सही खरी असल्याचं सांगतो, योजना खरी असल्याचं नाही. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकावा लागतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यावर १५ दिवस थांबणं, आणि मग एका महिन्यात कोर्टात तक्रार. एजंट ‘थांबा, पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणत राहतो तो हीच मुदत टळावी म्हणून.

साखळी योजनेला तर गोवा पुरतच नाही. प्रत्येकाने सहा माणसं आणायची म्हटलं तर ६, ३६, २१६ करत आठव्या पायरीवर १६,७९,६१६ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत सगळ्या गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती, पाळण्यातली मुलं धरून.

सध्या जास्त माणसं फसतात ती व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शेअर ग्रुपमध्ये. ग्रुपमधले ‘आज ४० हजार सुटले’ म्हणणारे बहुतेक त्यांचेच. मग लिंकवरून अ‍ॅप उतरवायला लावतात आणि त्यात तुमचा नफा हिरव्या आकड्यांत वाढताना दिसतो. तो आकडा कुणीही टाइप करू शकतो. खरा शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडे डिमॅट (म्हणजे इलेक्ट्रॉनिक) खात्यात असतो आणि त्यांच्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये दिसतो. तिथे नसेल तर तो शेअर घेतलेलाच नाही. आयपीओचंही, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीचंही, तसंच. अर्जाची रक्कम वाटप होईपर्यंत तुमच्याच खात्यात अडकवून ठेवलेली असते, कुणाच्या खात्यात पाठवायची नसते. ब्रोकरचा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांक दाखवला तरी तेवढ्यावर जाऊ नका, खरा क्रमांक चोरून छापतात. पैसे ज्या खात्यात मागितलेत त्याचं नाव बघा. आज एका एंटरप्रायझेसच्या, उद्या दुसऱ्याच कुणाच्या खात्यात भरायला सांगत असतील तर तो ब्रोकर नव्हे. आणि पैसे काढताना ‘आधी २० टक्के टॅक्स भरा’ म्हणाले की पक्कं समजा: शेअरच्या नफ्यावरचा कर आपण चलनाने आयकर खात्याकडे भरतो, अ‍ॅपवाल्याकडे नाही.

पैसे गेलेच तर घरच्यांना काय सांगू या विचारात रात्र घालवू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचं खातं हाताशी ठेवा. पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवलं तर तो रोखता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, शिवाय जवळच्या किंवा रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. चॅट पुसू नका, ग्रुप सोडण्याआधी त्यातल्या नंबरांचे स्क्रीनशॉट घ्या. घरातल्या कॉलेजच्या मुलाला मात्र वेगळं विचारा: कमिशन घेऊन त्याने आपलं बँक खातं, एटीएम कार्ड किंवा सिम कुणाला वापरायला दिलंय का? हे पैसे अशाच खात्यांतून फिरतात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

महिन्या-दोन महिन्यांनी ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, फक्त पाच हजार फी’ असा फोन येतो. बुडालेल्यांची यादीही विकली जाते.